खालचं रान

आमच्या घरात आई आणि तात्या एकमेकांशी कधी बोलत नसत, आणि त्यांच्यात भांडण तर मुळीच नव्हतं. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. थोरल्या दिरासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं तोंड उघडायचं नाही, अशी सांगवीतल्या आमच्या भावकीत तेव्हा रीत होती. तात्या अंगणात आले की आईचा पदर नाकापर्यंत यायचा आणि ती दाराआड व्हायची. काम मात्र दोघांना एकमेकांशी रोज पडायचं. घराला घर लागून, रानाला रान लागून, विहीर सामाईक. मग मधे मी. आई दाराआडून म्हणायची, "शाले, तात्यास्नी म्हणावं, गाय आज-उद्या व्यायची हाय, बाहेरगावी जाऊ नगा." तात्या ओट्यावरच बसलेले असत, त्यांना शब्दन्‌शब्द ऐकू गेलेला असे, तरी ते माझ्या तोंडाकडं बघत थांबायचे. मी तेच पुन्हा म्हणायचे. मग ते म्हणायचे, "सांग तुझ्या आईला, न्हाय जात." तेही मी आईला सांगायचे. माझी नात हे ऐकून हसते. म्हणते, आजी, तू मोबाईल होतीस. होतेच बाई, फक्त मला मधेच भूक लागायची.

आईचं माहेर इंदापूरच्या पलीकडं, माळावरचं. तिकडं तेव्हा सगळं जिरायत, आभाळानं दिलं तर पिकायचं. लग्न होऊन ती सांगवीत आली तेव्हा दाराच्या मागून पाट वाहतोय हे बघून तिनं म्हणे घरातली सगळी भांडी भरून ठेवली होती. उद्या पाणी नसलं तर? काकी, म्हणजे तात्यांची बायको, ही गोष्ट येईल त्या पाहुण्याला सांगायची आणि आईला 'आमची दुष्काळी' म्हणायची. आई हसायची. तिला राग नव्हता. पण ती कधी बदललीही नाही. भाकरीचं पीठ मळलेल्या काटवटीत हात धुवायची आणि ते पाणी म्हशीपुढं ठेवायची. भांडी राखेनं कोरडी घासायची. सगळ्या गावात साखर घातलेला चहा उकळत असताना आमच्या चुलीवर सकाळी हुलग्याचं माडगं असायचं, लसूण घातलेलं, दाट, आणि ते ओरपताना होणाऱ्या आवाजावरून दादा आम्हाला रागवायचे. दादा म्हणजे माझे वडील. ते बारामतीच्या पेठेत एका अडत्याकडं गुळाच्या ढेपा तोलायचे. सकाळी सायकलवरून जायचे, संध्याकाळी यायचे, आणि त्यांच्या सदऱ्याला गुळाचा वास असायचा म्हणून मुंग्या दोरीवर चढायच्या. शेत खरं म्हणजे आईचंच होतं. दादांना त्यातलं फार कळत नसे आणि कळत नाही हे त्यांना मान्य होतं, हा त्यांचा मोठा गुण.

वाटणी झाली तेव्हा मी पाळण्यात होते. तात्यांनी मोठेपणा केला. म्हणाले, धाकट्यानं आधी निवडावं. वरचं रान कालव्याच्या अंगाला, जरा मुरमाड. खालचं रान ओढ्याकडं उतरत गेलेलं, काळंभोर, माणूस उभा पुरला तरी दगड लागणार नाही असं. दादांनी घरात येऊन आईला विचारलं. आई क्षणभर थांबली नाही. म्हणाली, खालचं. तिच्या माहेरी खालचं रान म्हणजे सोनं. वरच्या माळाची ओल तिथं उतरून थांबते, सगळीकडं पीक करपलं तरी खाली शाळू उभा राहतो. ज्यांच्याकडं असं खालचं रान असेल त्यांच्या घरी मुलगी द्यायला लोक धडपडतात. आईनं आयुष्यात स्वतःच्या तोंडानं मागून घेतलेली ती एकच गोष्ट. गावातल्या जुन्या माणसांनीही मान डोलावली, म्हणाले दुष्काळी असली तरी बाईला नजर आहे.

मला जे काही येतं ते मी त्या रानात शिकले. आई शिकवायला बसली आहे असं कधी नव्हतं. ती काम करायची आणि मी पायात पायात असायचे. पाणी द्यायच्या आधी ती कोपरापर्यंत हात जाईल एवढं उकरायची, तळातली माती मुठीत दाबायची आणि माझ्या हातावर ठेवायची. "बघ. लाडू झाला का भुगा?" लाडू झाला तर त्या दिवशी पाणी नाही. पाटाला पाणी असलं तरी नाही. "पाणी आलंय म्हणून द्यायचं नसतं. मातीनं मागितलं तर द्यायचं." टिटवीनं ढेकळात अंडी घातली की तिथं एक काटकी रोवायची आणि औत तेवढं वळसा घालून न्यायचं, मग औतवाला कितीही कुरकुरो. ओल्या रानात पाय टाकायचा नाही, माती आवळते. बांधावरचं गवत पार मुळापासून खरडायचं नाही, त्यात राहणाऱ्यांनी जायचं कुठं? कधीकधी ती मातीचा खडा जिभेवर ठेवायची आणि डोळे मिटून उभी राहायची. मीही ठेवायचे. तेव्हा ती माती गोड नव्हती आणि कडूही नव्हती, पावसाच्या पाण्यासारखी होती. आज या बारामतीच्या फ्लॅटमध्ये मी कढीपत्त्याच्या कुंडीत बोट खुपसल्याशिवाय पाणी घालत नाही. सून म्हणते, रोज थोडं घातलं तर काय बिघडतं? ते सांगायला मला बसून सगळं सांगावं लागेल, म्हणून हे लिहायला घेतलं.

गावाची रीत वेगळी होती. कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याची सायकल दिसली की पाण्याची पाळी आली म्हणून गलका व्हायचा आणि मग ज्याचा नंबर असेल तो पाणी घ्यायचाच. रानाला लागो न लागो. एकदा पाळी सोडली तर पुढच्या वेळी कुणी तरी हक्क सांगेल, ही भीती. उसात पोटरीएवढं पाणी उभं करायचं आणि बांधावर बसून तंबाखू मळायची, याला बागाईत म्हणायचं. त्यात कुणी वाईट नव्हतं. ज्यांच्या आजोबांनी पाण्यासाठी गावं सोडली होती त्यांच्या रानात कालवा आला होता. त्यांनी हात आखडता घ्यावा कसा? तात्यांचा ऊस तर बघायला लोक यायचे. दोन्ही हातांच्या बोटांत मावणार नाही असं कांडं. तात्या त्यातलाच एक मोडून मला द्यायचे आणि म्हणायचे, "आईला नगं सांगू, न्हाय तर म्हणंल लई पाणी पिलाय ह्यो." ते मी आईला लगेच सांगायचे.

आधी हरभऱ्यात एक टकलं दिसलं. घोंगडीएवढ्या जागेत बी उगवलंच नाही. आईला वाटलं पाखरांनी खाल्लं. पुढच्या साली ते टकलं वाढून खळ्याएवढं झालं. गव्हाची पानं टोकाला करपली. मग एका थंडीच्या सकाळी आई न्याहारी घेऊन निघाली, मी तिच्या मागं गेले तर ओढ्याकडच्या कोपऱ्यात कुणी तरी पीठ सांडल्यासारखं पांढरं पडलं होतं. मला गंमत वाटली, मी बोटानं त्यात रेघा ओढल्या. आईनं बोट टेकवून जिभेला लावलं आणि थुंकली. मग पुन्हा लावलं. तिच्या हातातलं भाकरीचं फडकं तिनं तिथंच ओल्यात ठेवलं, जी गोष्ट ती एरवी कधी करायची नाही. "खार फुटलाय," ती म्हणाली. तिच्या माहेरी हा रोग कुणाला ठाऊक नव्हता. सांगवीतल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होता आणि ते नाव घेत नव्हते. आज त्या रानात वेड्या बाभळी आहेत आणि त्यांच्यामधे पांढरी जमीन आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यानं उगीच आशा धरू नये. आम्ही मात्र धरली होती.

आईनं काय केलं नाही? रानाला पाणी द्यायचं तिनं जवळपास बंद केलं. ताग पेरून गाडला. धनगरांच्या हातापाया पडून लेंडीखतासाठी रानात मेंढरं बसवली, त्यांना घरच्या भाकरी पोचवल्या, त्या दिवसांत आम्ही ताक-भात खाऊन राहिलो. पाचट पसरलं. टोपल्यानं पांढरा थर खरवडून ओढ्यात टाकला. मी आणि ती, दोघी मिळून, सकाळी सकाळी, झाडलोट करावी तसं रान झाडायचो. चार दिवस काळं दिसायचं. मग पुन्हा खालून वर यायचंच. माती पावलाखाली साबणासारखी घसरायची आणि वाळली की खापरासारखी वाजायची. आई घरात कमी बोलायला लागली. भाकरी थापता थापता थांबायची आणि तव्यावरची करपायची. मला त्या दिवसांत सगळ्यात भीती कशाची वाटली असेल तर आईच्या जिभेची. ती रोज जाऊन रोज चाखायची, आणि रोज तसंच.

मग तिनं रानाच्या मधोमध खड्डा खणला. कमरेइतकाही झाला नसेल, तोच तळाला पाणी आलं. उन्हाळ्यात, न पाजलेल्या रानात, पाणी. खार याच पाण्याबरोबर वर येत होता. आई काठावर बसून राहिली. नंतर मान वर करून तिनं बांधापलीकडं बघितलं. तिथं तात्यांचा ऊस उभा होता, हिरवागार. दुसऱ्या दिवशी ती दाराआड उभी राहिली आणि मला पुढं केलं.

"तात्यास्नी म्हणावं, तुमच्या उसाचं पाणी आमच्या रानात निघतंय."

मी म्हटलं. तात्या ओट्यावर पान लावत होते. ते म्हणाले, "सांग आईला, पाणी खाली जायाचंच. वर कसं जाईल?"

"म्हणावं, ही एक पाळी सोडा. एकच. मला बघू द्या."

तात्यांनी पान तोंडात टाकलं नाही. "वैशाखात? शाले, आईला सांग, वैशाखात पाळी सोडायची म्हंजी उभ्या उसाला दावणीला बांधून उपाशी मारायचा. मला न्हाय जमायचं. तिला दुसरं काय पायजेल ते माग म्हणावं. पाणी न्हाय, पर वाटंल तर माझ्या हिश्शाची वरची जमीन देईन."

हे ते उगीच बोलत नव्हते. त्यांनी खरंच दिली असती. पण आईला वरची जमीन नको होती. तिला तिचीच हवी होती, जिवंत. सांगायला निरोपच उरला नाही म्हणून मी दोघांच्या मधे नुसतीच उभी राहिले.

पाळी आली त्या सकाळी आईनं मला उठवलं आणि चल म्हणाली. तात्या खोरं घेऊन उसाच्या तोंडाशी उभे होते, चारीतून पाणी येत होतं आणि ते रानात घ्यायला बांधाचं दारं, म्हणजे तोंडाशी अडवलेली माती, मोडणार, एवढ्यात आई सरळ गेली आणि त्या दाराच्या तोंडात चिखलात मांडी घालून बसली. लुगड्यासकट. पाणी येऊन तिच्या पाठीला थटलं, दोन्ही बाजूंनी चढायला लागलं. पलीकडच्या रानातली माणसं काम सोडून बघायला लागली. तात्यांची तर मान खालीच गेली. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"शाले, आईला सांग, उठ म्हणावं. लोकं बघत्यात."

मी सांगायला वळले तर आईनं हात वर केला. "तू थांब," ती मला म्हणाली. मग तिनं चिखलाच्या हातानं पदर मागं सारला आणि तात्यांच्या तोंडाकडं बघितलं. मी तिला असं बघताना कधी पाहिलं नव्हतं, तात्यांनीही नाही. "भावजी," ती म्हणाली, "माझी माती मरतीया. मला तुमच्याकडनं काय बी नगं. एवढी पाळी सोडा. माझ्या डोळ्यादेखत मरतीया ती आन्‌ मला काय बी करता येईना."

तात्या माझ्याकडं बघत राहिले. सवयीनं. आणि मीही सवयीनं सांगायला लागले, "तात्या, आई म्हणतीया, माती..." मी रडायला लागले. मोठ्यांदा, लाज सोडून. तात्यांनी खोरं खाली ठेवलं आणि बांधावर बसले. मग जमिनीलाच म्हणाले, "सोडली पाळी."

ही बातमी दादांच्या आधी पेठेत पोचली होती. दिवेलागणीला ते आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. भाकरी मोडून तशीच ठेवली. "गावात तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाईस," म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. आई चुलीतली लाकडं मागं ओढत होती. "रान गेल्यावर काय दाखवणार हाय तुमी?" ती म्हणाली. दादांनी मग आमटीत भाकरी कुस्करली आणि खाल्ली. काकी आमच्याकडं यायची बंद झाली. विहिरीवर बायका आई आली की गप्प होत. तात्यांना पारावर लोक विचारायचे, काय तात्या, पाळीचा मालक बदलला म्हणे? ते नुसतं हूं म्हणायचे. त्यांनी शब्द मोडला नाही, हे मला आज त्यांच्याविषयी सगळ्यात आधी आठवतं.

वरच्या सगळ्या रानांना पाणी चालू होतं. फक्त तात्यांचा ऊस कोरडा. दुपारी त्याची पानं वळून सुतळीसारखी व्हायची. आणि आई खड्ड्यावर बसलेली असायची. तिनं खड्ड्याच्या कडेला नखानं रेघ ओढली होती, पाणी तिच्या खाली उतरतंय का बघायला. पहिल्या दिवशी उतरलं नाही. ती म्हणाली, मुरायला वेळ लागतो. पुढं रेघ भिजली. ती म्हणाली, आधीचं असेल. मग रेघ पाण्याखाली गेली. आईनं वर दुसरी ओढली आणि तीही बुडाली. मी खड्ड्याशी जायचं टाळायला लागले. देवाला नवस बोलायचे, तेही कसे, तर पाणी कमी कर म्हणून. आमच्या आधी देवाकडं हे कुणी मागितलं नसेल. खड्डा काठोकाठ भरायला आला, त्यात आभाळ दिसायला लागलं, कडेला पांढरी कड धरली.

त्या सकाळी आईनं मला तात्यांकडं पाठवलं नाही. स्वतः त्यांच्या ओट्यापुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भावजी, बघायला या." ते आले. दादाही त्या दिवशी पेठेत गेले नव्हते, तेही आले. चौघं आम्ही खड्ड्याभोवती उभे राहिलो. तात्यांनी वाकून पाण्यात बोटं बुडवली.

"म्हंजी ह्ये माझ्या उसाचं न्हवतं," ते म्हणाले.

"तुमचं बी आसंल. पर एकट्याचं न्हाय. समद्यांचंच हाय."

तात्या उठले आणि वर बघत राहिले. आमच्या बांधापासून कालव्याच्या भरावापर्यंत नजर जाईल तितकं हिरवं होतं. कुणाकुणाचं रान ते, सगळ्यांची नावं मला पाठ होती. आणि त्याच्याही वर कालवा, बारा गावांतून येणारा, पुढं इंदापूरकडं जाणारा. आई कुणाकुणाच्या दारात बसणार होती?

"मग आता?" तात्यांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांनी सरळ तिला विचारलं.

माझी नजर आईकडं होती. मातीचं काहीही विचारलं तरी तिच्याकडं उत्तर असायचं. हात कुठवर घालायचा, कधी थांबायचं, काय पेरायचं. मी त्या उत्तराची वाट बघत होते, आणि मला खात्री होती की ते येईल.

"मला न्हाय ठावं," आई म्हणाली.

दादांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, भावासमोर, दिवसाढवळ्या. तिनं तो काढला नाही. तिनं उसाकडं बघितलं. वळलेली पानं, खालून पिवळी पडत चाललेली. चारीला अजून पाणी होतं, गावाची पाळी संपायला आली होती.

"शाले, जा," ती म्हणाली. "तात्यांचं दारं मोड."

"ऱ्हाऊ दे, शाले," तात्या म्हणाले.

"का म्हणून? आमचं जातंय तर तुमचं बी वाळवायचं? जा, पोरी."

तात्यांचं खोरं माझ्याहून जड होतं. ते ओढत मी चारीपाशी गेले आणि ज्या जागी आई बसली होती तिथली माती ओढायला लागले. आई माझ्या मागं येऊन उभी राहिली. "हळू," ती म्हणाली. "एकदम मोडू नगं. माती वाहून जाती." मग मी थोडी थोडी ओढली. पाणी आधी पहिल्या सरीत शिरलं, मग दुसऱ्या. भेगांतून हवेचे बुडबुडे निघत होते. ऊस संपला की लगेच आमचं रान होतं, आणि पाणी तिकडंच चाललं होतं.